लोखंडी किलो

—नको, नको, मॅनेजरला बोलवू नकोस. थांब गो बाय, जरा थांब. तांबडा दिवा लागला म्हणून काय झालं, आग लागली? लागतोच तो. परवा हायस्कुलातल्या एका बाईंनी बिस्किटं घेतली आणि हात मोकळे करायला छत्री ह्या वजनाच्या पाटावर ठेवली, झालं — तांबडा दिवा, टिंग टिंग, सगळं दुकान वळून बघायला लागलं. गोरीमोरी झाली बिचारी, बिस्किटं तिथेच टाकून निघून गेली. ह्याला तुम्ही सुधारणा म्हणता — नाही, तू नाही म्हणत, मला ठाऊक आहे, तू नोकर माणूस, तुला उभं केलंय इथे ह्या बिल करायच्या तीन मशिनांच्या मधे, देवळाच्या दारात चपला राखायला बसवतात तसं. काय नाव? प्रतीक्षा. छातीवर लिहिलंय, पण माझा चष्मा घरी राहिला. चंदगडची ना तू? बोलण्यावरून कळलं. तुमच्या बाजूची पुष्कळ माणसं आहेत आमच्या साखळी गावात, खाणी चालू होत्या तेव्हापासून. चांगली माणसं. म्हणून सांगतो, तुझं ते गळ्यातलं कार्ड ह्याच्या कपाळाला लाव आणि दिवा घालव. बाकी ह्यात बघण्यासारखं काही नाही. पिशवीत हात घालू नकोस — माझी पिशवी आहे ती.

शी. खरं सांगतो, मला ह्या मशीनची किळस येते. दुकान म्हणजे काय? तू सांग — दुकान म्हणजे तू मागितलंस, मी दिलं. एवढंच ना? आता काय झालं? माल शोधायचा गिराइकाने, गाडी ढकलायची गिराइकाने, इथे येऊन एकेक पाकीट उलटंपालटं करून त्या काळ्या रेघा ह्याला दाखवायच्या, जसं काय आजारी पोराची जीभ डॉक्टरला दाखवतोय — पैसे भरायचे ते पण आपणच, पिशवी पण आपलीच — आणि इतकं सगळं फुकटात राबल्यावर वर हा दगड म्हणणार, थांबा, काहीतरी चुकतंय, माणूस येईल. म्हणजे तुमच्यावर भरवसा नाही. मी माझ्या गिराइकाला असं राबवलं असतं आणि वर संशय घेतला असता, तर दुसऱ्या दिवशी ते सामानाला डिचोलीला गेलं असतं, परत तोंड दाखवलं नसतं. लोक म्हणतात, रांग नाही, पटकन होतं. पटकन होऊन जायचं कुठे? बाहेर बाकावर बसून मोबाईल बघायला! रांगेत निदान कोणाचं बाळंतपण झालं, कोणाच्या मुलीचं जमलं, ते तरी कळायचं. आणि चवथीला काय केलं तुम्ही? तू नव्हतीस तेव्हा. माटोळीचं सामान — आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर बांधतात ना, रानातली फळं, माट्टी, कांगलां, आंबाडे, सुपारीचा घोस — ते प्लास्टिकच्या ताटलीत, वर घट्ट प्लास्टिक, त्याच्यावर काळ्या रेघा. रानातनं काढून आणणाऱ्या बायका बाहेर रस्त्यावर उन्हात बसलेल्या, आणि आत आमची शहाणी माणसं गणपतीची फळं मशीनला दाखवतायत. मला जेवण गेलं नाही त्या दिवशी.

आणि भाषा! राजभाषेच्या वादात ह्या बाजारात काय झालेलं ते तुला कसं माहीत असणार, तू जन्मली पण नव्हतीस. मी मराठीवाला. समोरचा मधुकर हॉटेलवाला कोंकणीवाला. कितीतरी महिने मी त्याच्याकडे चहा प्यायलो नाही, आणि तो माझ्याकडून साखर न्यायचा नाही — माझ्या समोरून जायचा, मुद्दाम, दुसरीकडून घेतलेलं पोतं खांद्यावर, मला दिसावं म्हणून. भांडायचो मात्र दोघं एकाच बोलीत, ती पण गंमत. मग गोवा राज्य झालं, मी पाटी नवी रंगवून घेतली, मधुकर पेढे घेऊन आला, मिटलं. आणि आता? आता हे येऊन उभं राहिलंय, इंग्रजीत हुकूम सोडतंय, दुसरं बटण दाबलं तर हिंदीत — मराठी नाही, कोंकणी नाही — आणि कोणी चकार शब्द काढत नाही. मधुकर स्वतः परवा इथे उभा राहून 'येस, येस' म्हणत होता. मशीनला! एवढा गळा फाडून घोषणा देणारा माणूस! मला उलटी व्हायची बाकी राहिली.

कसली पाटी म्हणजे? अगो, दुकानाची. तुला कोणी सांगितलंच नाही? हेच ते. तू उभी आहेस ना, तिथे माझा गल्ला होता. गोकुळदासाचा पोसरो. पोसरो म्हणजे आमच्याकडे किराणा दुकान. त्या थंड पेटीत लोणी ठेवलंय तिथे उकड्या तांदळाची पोती, तिकडे मिठाचा हौद, इथे वर ताजवा टांगलेला, पितळेचा, रोज चिंच लावून घासायचो. आणि मागच्या भिंतीला दार — पोसऱ्यातनं सरळ आमच्या रांधपाच्या खोलीत. आमची ही — तिला साखर लागली, डाळ लागली, तर काय मागणार होती? मागच्या दाराने यायची, घ्यायची, जायची. पोसरकाराच्या बायकोने कधी पिशवी घेऊन सामान आणलंय? उभ्या संसारात तिने पैसे देऊन मीठ घेतलेलं नाही. सांजवेळेला, दिवा लावायच्या आधी, दुसऱ्या दिवशीचं काढून न्यायची. आणि जाता जाता कोणी उभं दिसलं तर विचारायची, 'तुका कितें जाय?' — काय हवं तुला — मी कामात असलो तर ती द्यायची. सगळी तिला वयनी म्हणायची. खरं म्हणजे तिच्याकडून घ्यायलाच बरं वाटायचं लोकांना, ती वजन झालं तरी वर एक मूठ घालायची. मी ओरडायचो. ती ऐकायची नाही.

मग मुलाने जागा ह्या कंपनीला दिली. मुलाने म्हणजे — सही माझीच आहे. मोठं काय ते येणार, लिफ्ट येणार, भाडं येणार. लिफ्ट आली नाही. भिंती पाडल्या, ते मधलं दार बुजवलं, घर मात्र मागे तसंच आहे. आणि बाजूच्या गल्लीत तुमचं ते लहान दार आहे ना, माल आणायचं, ते बरोबर आमच्या पडवीसमोर उघडतं. त्याला कुलूप नसतं दिवसा. हे मी तुला का सांगतोय? काही नाही. तू कार्ड लाव.

अगो — अगो ठेव! पायावर पडेल. सांगितलं होतं ना पिशवीला हात लावू नकोस म्हणून. हो. लोखंडाचा किलो आहे तो. वजन. ताजव्याचं. भंगारवाल्याला द्यायला आणला होता — हां, बरोबर आहे तुझं, भंगारवाला इथे आत येत नाही. हुशार आहेस. आणि ते पाकीट, ते तेलाचं पाकीट रिकामं आहे. कापलेलं आहे. धुतलेलं पण आहे. दिसतंय मला, मी काय आंधळा नाही.

म्हणजे तुला वाटतंय, म्हातारा चोर आहे. वाटू दे. पण जरा डोकं चालव. चोर काय करतो? माल नेतो, पैसे देत नाही. आणि मी काय करतोय? रिकाम्या पाकिटाच्या रेघा दाखवतोय, पैसे देतोय, आणि काही न नेता घरी जातोय. असा चोर बघितलास कधी तुमच्या चंदगडला? ह्या कंपनीला माझा फोटो लावायला पाहिजे भिंतीवर. हसू नकोस. हसलीस ना — बरं झालं, हस, पण आवाज करू नकोस, तो मॅनेजर काचेतनं बघतो.

ती नेते. समजलीस? माल ती नेते. संध्याकाळी गल्लीतनं येते, त्या लहान दाराने, पदर खोचलेला, आणि जे पाहिजे ते घेते नि जाते. साखर, डाळ, चहा. आमची ही. तारा. तिला — कसं सांगू — तिच्या लेखी हे काही बदललेलंच नाही. लाईट जास्त आहेत, पोती दिसत नाहीत, तेवढं तिला खटकतं, मला विचारते, मीठ खंय व्हेलें, मिठाचा हौद कुठे नेला? मी म्हणतो, धुवायला काढलाय. ती म्हणते, बरं. दुकान आमचं आहे, मग पैसे कोणाला द्यायचे? बरोबरच आहे तिचं. घरी नेऊन ती पाकिटं फोडते, डब्यांत ओतते — पाकिटात सामान ठेवणं तिला कधी आवडलं नाही, पोसरकाराचं घर आहे — आणि पाकीट केरात. मी ते केरातनं काढतो, धुतो, दोरीवर वाळत घालतो. आणि दुसऱ्या दिवशी खिशात घालून इथे येतो. हे असं चाललंय. सांगितलं. झालं तुझं समाधान?

मग तिथे माणसांच्या काउंटरवर का नाही जात, असंच ना? गेलो होतो. पहिल्यांदा तिथेच गेलो. ती ज्योती बसते ना, तिला बाजूला घेऊन सांगितलं, असं असं आहे, ही जे नेईल त्याचे पैसे मी आणून देईन, तू फक्त कोणाला बोलू नकोस. चांगली मुलगी. 'अरेरे, काका' म्हणाली, डोळ्यांत पाणी आणलंन. तो तिचा अरेरे दुपारपर्यंत बाजारभर फिरला. औषधवाला विचारतो, वयनींचं कसं काय आता? बसवाला विचारतो. आणि एक बाई — नाव घेत नाही, सकाळी तोंड खराब कशाला — सकाळ नाही आता, तरी पण — ती घरी आली पेरू घेऊन, आणि हिच्या समोर बसून मोठ्याने विचारते काय, 'मी कोण सांगा बघू? ओळखलंत? मी कोण?' लहान पोराला नाचवतात तसं. ही पदराची कड धरून खाली बघत राहिली. हिला लाज कळते गो. बाकी विसरली असेल, लाज कळते. मला त्या बाईच्या तोंडावर तिचे पेरू मारावेसे वाटले. माणसांची दया म्हणजे शी — घाण वास येतो तिला.

तेवढ्यात ही मशिनं आली. मी पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला. आणि मग माझ्या लक्षात आलं की ह्याला तोंड आहे पण हे बाजारात जाऊन बोलत नाही. हे 'अरेरे' म्हणत नाही. पाकिटात साखर आहे की वारा आहे ह्याला कळत नाही. रेघा दिसल्या, पाटावर वजन आलं, पैसे आले — हिरवा दिवा. जा. तेवढा एक गुण आहे ह्याच्यात, तो मी मान्य करतो, मी काय अडाणी नाही. पण त्याचीच मला जास्त घाण वाटते. एवढा बाजार, सगळे ओळखीचे, कोणाच्या बारशाला गेलो, कोणाला खांदा दिला — आणि बायकोची अब्रू झाकायला मला एक माणूस मिळू नये, ह्या डबड्याच्या पाया पडायला यावं लागावं? तू सांग. नाही, तू नको सांगूस.

वजनाचं असं. नुसतं पाकीट ठेवलं तर हे ओरडतं, साखर किलो म्हटलीस आणि पाटावर किलो कुठाय? म्हणून घरून किलो आणायला लागलो. पाकीट नि लोखंड मिळून बरोबर होतं, साखरेला किलो, डाळीला अर्धा, चहाला पावकिलो. कापडी पिशवीत घालून हळूच ठेवायचं, आवाज होऊ नये म्हणून. आयुष्यात मी वजनात लबाडी केली नाही. सरकारी माणूस वर्षाच्या वर्षाला येऊन वजनांवर शिक्का मारून जायचा, त्याला कधी बोट दाखवायला जागा मिळाली नाही. आणि ह्या वयात मी खऱ्या वजनाने खोटं बोलतोय. घरी जाऊन साबणाने हात धुतो मी, खोटं नाही सांगत. पैसे देऊन चोरी केल्यासारखं वाटतं, ही कसली तऱ्हा?

आणि आज काय चुकलं ते मला मघाशीच कळलं, तांबडा दिवा लागला त्याच क्षणी. तेल. तेल तिने आजवर उचललं नव्हतं, घरचं होतं, आमच्या माडाचं, घाण्यावरून काढून आणलेलं. ते संपलं, आणि काल तिने पाकीट नेलं. एक लिटर. मी आपला सवयीने किलो आणून ठेवला. आमच्या पोसऱ्यात तेल किलोनेच जायचं — गिराईक बाटली आणायचं, रिकामी बाटली आधी तोलून तिच्या वजनाचा धडा करायचा, मग डब्यातनं तेल. लिटर कोणी म्हणायचंच नाही. आणि लिटर तेल किलो भरत नाही, हलकं असतं, पाण्यावर तरंगतं ना ते? शेंबड्या पोराला कळेल. ज्याचा जन्म तेल तोलण्यात गेला त्याला नाही सुचलं! लोखंड जास्त झालं आणि ह्याने बोंब मारली. मशीन बरोबर, मी चूक. हे तोंडाने म्हणायला लावलंस तू मला.

मॅनेजरला आता कळलं तर काय होईल ते सांगतो. तो वाईट नाही, पण तो फोन करणार. मला नाही, अविनाशला — आमचा मुलगा, पणजीला असतो, भाड्याची कागदपत्रं तोच बघतो. मागे एकदा इथे आरडाओरडा झाला होता. ही उदबत्ती पेटवून आली, आणि आमच्या देवाचा फोटो असायचा तिथे, म्हणजे हे दोन नंबरचं मशीन आहे ना, त्याला ओवाळायला लागली, दिवेलागण झाली म्हणून. धुराने वरची घंटा वाजली. अर्धी गिराइकं पळाली, अर्धी फोटो काढत राहिली. फोटो! तेव्हा अविनाश आला आणि म्हणाला, बाबा, पुन्हा एक तक्रार आली की आईला मी घेऊन जातो. नेली होती एकदा. पाचव्या मजल्यावर. दाराला आतनं कुलूप, सुनेच्या कमरेला किल्ली — ती पण काय करणार, जिना आहे, रस्ता आहे. ही दिवसभर त्या दाराशी उभी. संध्याकाळ झाली की दाराची पट्टी चाचपायची, इथून पोसऱ्यात कसं जायचं म्हणून. जेवेना. मी परत आणली, कोणाचं ऐकलं नाही. इथे निदान दार उघडतं गो. ती उठते, केस विंचरते, तिला काम असतं. दुकानात जायचंय, दिवा लावायचाय. ते काढून घेतलंत तर तिच्यात राहतं काय? मी सांगतो काय राहतं, पणजीचं दार. म्हणून मी हात जोडतो. — नको, तुझ्या बापाच्या वयाचा आहे, खऱ्याने जोडत नाही. पण समज जोडले.

बाबली आहे ना तुमचा, त्या लहान दारावरचा? हळर्णचा. पूर्वी ट्रकवर असायचा, माझ्याकडे पोती उतरवायचा. त्याला सगळं माहीत आहे. ती आली की तो उठून उभा राहतो, ती निघाली की त्याला नेमकं आकाशात काहीतरी बघायचं असतं. बिलाची चिठ्ठी मी त्याला दाखवायला जातो. तो म्हणतो, शेट, नका दाखवू. मी दाखवतो. पण आज तो नाही. गावात जत्रा आहे त्यांच्या. आज कोण पोरगा उभा केलाय, मिशी फुटतेय आणि कमरेला काठी. त्याला कोणी सांगितलं असेल, प्रत्येकाची पिशवी तपास. म्हणून मी आज लवकर आलो, हे आटपून त्या दाराशी जाऊन थांबायला. आणि तू मला इथे अडकवून ठेवलंयस. बाहेर बघ, उन्हं उतरली. लाव गो कार्ड. मी विनवतोय तुला, ऐकतेस काय नुसती?

— शू. आली.

बघू नकोस तिकडे. तुझं काम कर. ती बघ — म्हणजे बघू नकोस — हिरवी साडी. चालते कशी बघ, जशी काय सगळ्यांचे पगार हीच देते. पाकिटं सरळ करतेय. नावं पुढे. मी तिला पहिल्या वर्षी सांगितलेलं, नावं पुढे ठेव, गिराइकाला वाचता आलं पाहिजे. तुमच्या त्या पोरांना कोणी शिकवत नाही हे, सगळं वाकडंतिकडं लावतात. — इकडेच येतेय. दिवा घालव आधी, तांबड्या दिव्याला ती घाबरते. हां. गेला. तेलाचं बिल घेतलंन ह्या मशीनने? बरं. हे लोखंड पिशवीत ढकल, झाक. झाक!

काय गो, पायात चप्पल नाही घातलीस? लादी थंड आहे, किती वेळा — आं?

मी? म्हाका कितें जाय?

...

साकर. म्हाका — साकर जाय आशिल्ली. ... अर्दो किलो पुरो. ... व्हय. व्हय, वयनी. ... ना, ना, घाय ना म्हाका. तुमी सावकास हाडा. हांव रावतां.

...

आणायला गेली. काही बोलू नकोस. एक शब्द बोलू नकोस तू. सकाळी 'अहो' म्हणाली होती. चहा दिला तेव्हा. काल पण. पेरूवालीला ओळखलं नाही, मधुकरला नाही, अविनाशला भाऊ समजली, पण मला — तू खाली बघ. खाली बघ म्हणतो ना.

... दिया. हय, हेंच. ... देव बरें करूं, वयनी. ... ना, आनीक कांय नाका. ... घरा? — आसात. घरा सगळीं बरीं आसात. ... तुमी जाया, दिवे लावपाचो वेळ जालो.

...

जाऊ दे. ती जाऊ दे, मी मागनं जातो. तिच्या हातात काय होतं? चहा. बरं. आणि तो काठीवाला — तू त्याला हात केलास काय? मी बघितलं. जाऊ दिलंन त्याने. बरं केलंस.

थांब, ही साखर. ही खरी आहे, भरलेली, मी घेतलीय, मीच पैसे देणार. रेघा कुठायत ह्याच्या — चष्मा नाही — हां. इथे. पाटावर ठेवलं. बघ आता. हिरवा. एका झटक्यात हिरवा झाला, काही विचारलं नाही, संशय नाही, काही नाही. वजन बरोबर आलं ह्याचं. आता खूश असेल, नालायक.

माझ्याकडे बघत काय उभी राहिलीस गो? दोन नंबरवर बाई खोळंबल्यात. जा.